सतरा म्हणजे सतरा

मित्रांनो, शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीशी दोन पुरुष उंचीची, हिरवा रंग उडालेली प्रेस दिसते ना, ती मी. छापखान्यातली नव्हे हं! माझ्या पोटात तेल असते. पंप त्या तेलावर दाब आणतो, तेल माझ्या दट्ट्याला खाली ढकलते आणि खाली ठेवलेला पोलादी पत्रा मुकाट्याने घमेले होतो. जोर म्हणाल तर तीनशे टनांचा. मी पहिल्यांदा दाब दिला तेव्हा तीन गल्ल्यांपलीकडच्या एका आजीबाईंची कवळी पेल्यात नाचली, असे म्हणतात. म्हणणारी मीच, पण म्हणून काही ते खोटे ठरत नाही.

माझे चालक नाना. सव्वीस वर्षे त्यांचाच हात माझ्या दांड्यावर. दर सहा महिन्यांनी ते नवे सीलबंद पिंप फोडत, नरसाळे फडक्याने चेहरा दिसेपर्यंत पुसत आणि स्वतः तेल ओतत. "हिच्या पोटात शिळं काही जायचं नाही," असे म्हणत. मी त्या लाडाने फुगून जाई. कौतुकाचे शब्द लोखंडालाही गोड लागतात.

पण गेल्या वर्षी माझे काहीतरी बिनसले. दट्ट्या अर्ध्यावर अडे आणि मग धाडकन आदळे. घमेली फाटू लागली. नव्या मालकीणबाई लहानपणी नानांच्या सायकलवर बसून शाळेत गेलेल्या. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "नानाकाका, रागावू नका, पण तुमचा हात आता जड झालाय. सोमवारपासून गेटवर बसा. सावली आहे, पंखा आहे."

"पंखा मला कशाला? मी काय ओला टॉवेल आहे?" नाना म्हणाले. मग आवाज खाली आला. "माझा हात तसाच आहे, बाई. एकदा हिचं पोट तपासून घ्या. त्यात काही नाही निघालं, तर माझा मी गेटवर जाऊन बसतो."

तेल तपासणाऱ्या ताई आल्या. त्यांनी बाटलीभर तेल माझ्यातले घेतले आणि नानांनी नुकत्याच फोडलेल्या पिंपातलेही घेतले. नाना हसले. "ताई, ते कोरं आहे. धुतल्या कपड्याला कोणी साबण लावतं का?"

ताईंनी उलट विचारले, "हिच्यातला सगळ्यात नाजूक भाग कोणता?"

नानांनी माझा व्हॉल्व्ह दाखवला. त्यात एक गुळगुळीत दांडी मागेपुढे सरकते आणि तेलाला वाट देते. दांडी आणि तिच्या घरातली फट किती? तुमच्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे दहा पदर केले, तर त्यातला एखादा पदर जेमतेम जाईल!

"मग तिखट घालायचं ते घरातल्या सगळ्यात नाजूक पोटाकडे बघून," ताई म्हणाल्या. "या व्हॉल्व्हला सतरा आकडा झेपेल. म्हणजे वीसएक थेंबांत बारीक कण तेराशेच्या आत. माझं यंत्र ते मोजतं."

तेराशे! मी स्वतःला निर्मळ समजत होते, मित्रांनो. ताईंनी मोजले तर माझा आकडा वीस निघाला. आणि नानांच्या कोऱ्या पिंपाचा? एकवीस!

"चारचाच तर फरक," बाई म्हणाल्या.

"एक आकडा वाढला की कण दुप्पट होतात, बाई," ताई म्हणाल्या. "चार म्हणजे सोळापट."

सोळापट धूळ, आणि तेल कसे, तर मधासारखे नितळ! मी तीनशे टनांची, आणि माझी मान धरली होती वर्षानुवर्षे त्या फटीत साचलेल्या, कोणाला न दिसणाऱ्या कणांनी. मला माझ्या आकाराची लाज वाटली आणि त्यांच्या आकाराचा अचंबा.

नाना खुर्चीत बसले. हातातल्या फडक्याकडे, त्याच्या निघालेल्या दशांकडे बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं मीच हिला धूळ पाजली."

"आकडाच कोणी ठरवला नव्हता, नाना," ताई म्हणाल्या. "मग चुकतंय हे कळणार कसं? पिंपातलं तेल आधी फिल्टरमधून फिरवायचं, मगच हिच्यात घालायचं."

नानांनी माझे जुने तेल उपसले, टाकी धुतली, व्हॉल्व्ह साफ करवून घेतला. नवे तेल दोन दिवस फिल्टरमधून फिरत राहिले. नमुना काढला तर अठरा. बाहेर घमेल्यांचे गिऱ्हाईक ताटकळले होते. बाई म्हणाल्या, "अठरा चालेल की, नानाकाका! एकाचाच प्रश्न आहे."

ज्या माणसाची जागा जाणार होती, त्यानेच मान हलवली. "एकाचा नाही, दुपटीचा आहे. सतरा म्हणजे सतरा. हवं तर मला आजच गेटवर पाठवा."

बाईंनी गिऱ्हाइकाला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा सतरावर आला, तेव्हा कुठे ते तेल माझ्या पोटात गेले.

नानांनी पत्रा लावला नाही. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून दट्ट्याखाली ठेवला. "नानाकाका, अहो!" बाई ओरडल्या. नानांनी दांडा हलवला. मी उतरू लागले. न अडता, न थरथरता उतरले. खरे सांगते, थापा सोडून सांगते, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. काचेला टेकले मात्र, आणि तिथेच थांबले. तीनशे टन त्या काचेवर, फुलावर फुलपाखरू बसावे तसे.

बाईंनी चष्मा उचलला, उजेडात धरला. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी आपल्या हाताने तो नानांच्या नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "पत्रा लावा. बाहेर माणूस थांबलाय."

मित्रांनो, एखाद्यावर माया असेल तर त्याला नुसते पुसूनपुसून चकचकीत करू नका. त्याला काय सोसते हे आधी विचारा, ठरवा आणि मोजत राहा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. आम्ही फक्त अडतो, आणि आम्ही अडलो की बोल लागतो तो आम्हाला जीव लावणाऱ्या हातांना.