वाचनालयातला रावण

जव्हारच्या दरबारी वाचनालयात दर चैत्रात एकेका विषयाची पुस्तकं मांडत. त्या साली विषय होता रामायण. पुस्तकांच्या मधोमध जवळच्या पोशेरे गावच्या बोहाड्यातला रावणाचा मुखवटा ठेवावा, असं ग्रंथपाल दामल्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी फागूला निरोप धाडला.

बोहाड्यात रात्रभर देवादिकांची सोंगं नाचतात. त्यातलं रावणाचं सोंग फागूच्या घरचं. आजाने नाचवलं, बापाने नाचवलं, आता तो नाचवत होता. गावचा कायदा एवढाच, की ती रात्र सोडून मुखवट्याचं तोंड कुणाला दिसता कामा नये. दिसलं तर सोंग त्या घरातून गेलं. फागूने साफ नकार दिला. पण बायकोचा भाऊ रघ्या हात धुऊन मागे लागला. झाकूनच ठेवू, तेवढाच गावाचा मान, असं त्याने इतक्या गोडीने सांगितलं की फागू विरघळला. बिचारा माणसं ओळखण्यात कायमच कच्चा.

लाल कापडात गुंडाळलेला मुखवटा त्याने स्वतः डोक्यावरून जव्हारला नेला. कापडाला हात लावणार नाही, असा दामल्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. फागू मेजाशेजारी राखणीला बसला. पुढे मोहाची फुलं गळू लागली, वेचायला घरी माणूस हवा. रघ्या म्हणाला, तू जा, मी बसतो. घरच्या माणसावर नाही तर कुणावर भरवसा ठेवायचा?

फागू परतला तेव्हा रावण उघडा होता. बाजाराला आलेली पोशेऱ्याची माणसं दारात उभी राहून बघत होती. फागूने मुखवट्यावर कापड टाकलं. दामले गोंधळले. म्हणाले, कापड रघ्यानेच काढलं, दाजींनी सांगितलंय म्हणाला.

तरीही फागूला वाटलं, मूर्खपणा झाला असेल पोराकडून. पंचांपुढे तो त्याला सांभाळूनच घेणार होता. पण आधी रघ्याच उठला.

"तोंड उघडं पडलं. दाजीचे घरी आता सोंग नको. मी नाचवतो."

फागूने कापड कुणी काढलं ते सांगितलं. पंच म्हणाले, सोंग घराबाहेर नेलं कुणी? आणि सोंग रघ्याला दिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा शेजारी बसून विडी ओढत होता.

घरी येऊन त्याने बायकोपुढे, गोदीपुढे, रघ्याला पोटभर शिव्या घातल्या. ती मोहाची फुलं निवडत राहिली. पाणी प्यायला तो आत गेला तर खुंटीवर रावणाचा नवा अंगरखा. जव्हारच्या सादिक शिंप्याची शिलाई, आणि माप रघ्याचं.

"कवा शिवून घेतलास?"

"तू राखणीला बसलेलास तवा."

म्हणजे मुखवट्यावरचं कापड निघायच्या आधीच.

"माझे घरचा देव होता तो, गोदी."

"तुझे मागं कोन हाय?" ती शांतपणे म्हणाली. "माझे भावाला पोऱ्या हाय."