दाराऐवजी टांगलेला

मित्रांनो, पडदा जुना झाला की त्याचं फडकं होतं. मंठ्याच्या एका शाळेतला मी तसलाच एक जुना पडदा आहे.

नवीन जालन्यातल्या कापड दुकानातून मला स्नेहसंमेलनाच्या रंगमंचासाठी आणलं. गर्द लाल, झालरीचा. मी बाजूला सरकलो की टाळ्या पडत. तेव्हा मला घमेंड होती आणि ती मला शोभतही होती. पुढे उंदरांनी मला कुरतडलं. धड राहिलेला तुकडा कापून एका खोलीच्या चौकटीला टांगला, कारण तिथलं दार वाळवीने खाल्लं होतं.

ती खोली भावना खरात मॅडमची. त्या शाळेच्या मानसतज्ज्ञ, म्हणजे मुलांच्या मनातलं दुखणं ऐकणाऱ्या. मुलं खोलीला 'येड्यांचा दवाखाना' म्हणत. मुलं लहान होती, पण शिक्षकही तेच म्हणत, त्यांना काय म्हणावं? कुणी सर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर मॅडम. कुणी खोड्या केल्या की शिक्षा म्हणून मॅडमकडे. तरी त्या नेटाने काम करत. सूरज नावाच्या मुलाला सगळे ढ म्हणायचे. त्याला अक्षरं ओळखायला जड जातं, बुद्धीत काही कमी नाही, हे मॅडमनी हेरलं आणि वर्षभर त्याच्यासोबत वाचायला बसल्या. तो पास झाला, तेव्हा सत्कार त्याच्या वर्गशिक्षकांचा झाला. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मला तो सत्कार अजून खुपतो.

मॅडमचं मागणं एकच असे. "सर, पडद्यानं दिसत नाही, पण ऐकू जातं. दार बसवून द्या."

"बसवू की," मुख्याध्यापक म्हणत. "पहिले कंपाउंडचं होऊ द्या."

कंपाउंड झालं, गेट झालं, गेटवर संस्थापकांचं नाव झालं. दार काही झालं नाही.

एके दिवशी नववीतली राजनंदिनी आली. बराच वेळ माझी कड बोटांनी चुरगाळत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत माझं लगीन धरलंय. मला न्हाई करायचं. पण मी सांगितलं हे घरी कळलं, तर बरं व्हणार न्हाई."

"कुणाला कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी लगेच मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. लग्न थांबवायला दुसऱ्या दिवशी जालन्याहून माणसं येणार होती.

भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीची गरजच पडली नाही. व्हरांड्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर भागवत सर ऑफ तास काढत बसले होते. ते राजनंदिनीच्या भावकीतले. त्यांनी मोबाइल काढून तिच्या वडिलांना सांगितलं, "दादा, जल्दी उरका काय ते. पोरगी मॅडमला सगळं सांगून राह्यली."

शाळा सुटायच्या आत वडील मोटारसायकलवर येऊन तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जालन्याची माणसं आली, तर घराला कुलूप. लग्न वडीगोद्रीकडच्या नातेवाइकांच्या घरी लागूनही गेलं होतं.

पुढचं ऐकून तुम्हाला राग यावा अशी माझी इच्छा आहे. शाळेची बदनामी केली म्हणून मॅडमना पुढच्या वर्षी कामावर घेतलं नाही. भागवत सर पर्यवेक्षक झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. खोलीत संगणक आले आणि ते चोरीला जाऊ नयेत म्हणून आठ दिवसांत दार बसलं. चांगलं सागवानी. वसंता शिपाई आता माझ्या तुकड्याने ते दार पुसतो.

मागच्या महिन्यात राजनंदिनी शाळेचा दाखला न्यायला आली. कडेवर बाळ होतं. वसंता मला हातात घेऊन दारापाशीच उभा होता.

"मॅडम हायेत का?" तिने विचारलं.

"त्या गेल्या ना. आता हितं कम्प्युटर असतेत."

तिने दारावरून हात फिरवला. "दार लई चांगलं बसवलं," म्हणाली, आणि बाळाला सावरत निघून गेली.

मित्रांनो, माझी कीव करू नका, फडक्याचं काय असतं. पण तुमच्या शाळेत मन मोकळं करायची खोली असेल, तर तिला दार आहे का ते बघा. नसेल तर मोठ्यांना विचारा. ते 'बसवू की' म्हणतील. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.