एका हाताने निघणारा चाकू

दादाचा आवाज फोनवर इतका मऊ आला, तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी माझ्या गळ्यात मारणार.

"हे बघ," तो म्हणाला, "यंदा तू नुसतं यायचंस. बसायचं, आराम करायचा. चूल मी बघतो."

आम्ही तिघं भावंडं वर्षातून एकदा डोंगरात मुक्कामाला जातो. दादा, मी आणि धाकटी, आपापल्या नवऱ्याबायकोसकट. दादा तंबू ठोकतो, धाकटी पाणी भरते आणि चूल माझी. आमच्या कुणाची लग्नंही झाली नव्हती तेव्हापासून माझी. लाकूड दमट असो की वारा सुटलेला असो, ढलप्या काढायच्या, काटक्या रचायच्या आणि पेटवायचं, हे काम दुसऱ्या कुणी करून बघितलेलंच नाही. गेल्या वर्षी बुक बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनखाली माझ्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. त्या वर्षी मी गेले नाही. आणि यंदा जायचं ते असं? सामानासारखं?

"चूल माझी आहे," मी म्हटलं.

"अगं, पण तू चाकू कसा धरणार?"

"उजव्या हाताने. तो आहे अजून."

मग मागून वहिनीचा दबका आवाज आला, "अहो, जाऊ द्या ना, तिला वाईट वाटेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवून दिला.

माझा जुना चाकू घडीचा होता. तो उघडायला दोन हात लागतात. मी दातांनी उघडून बघितला, तेवढ्यात नवरा खोलीत आला आणि किंचाळला, "अगं, जीभ कापेल!" त्याच्यावर ओरडायला माझं तोंड मोकळं नव्हतं, नाहीतर ऐकलं असतं त्याने. पण एवढं कळलं की न मिटणारा चाकू पाहिजे. उघडायची भानगडच नको. आणि महागाचा नको. रानात आपटला, हरवला तरी जीव हळहळू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "काय दाखवू साहेब?"

"हिला हवाय," नवरा म्हणाला.

"बरं बरं. साहेब, हा बघा." त्याने एक भलंमोठं धूड काउंटरवर ठेवलं. पाठीला करवतीचे दात, काळं पातं, मूठ पोकळ. "मुठीत काड्या मावतात, वर होकायंत्र आहे, मासे धरायचा गळ पण आहे."

"अंथरूण आहे का आत?" मी विचारलं.

नवऱ्याने माझं कोपर दाबलं. दुकानदार हसला, पण नवऱ्याकडे बघूनच. मी काचेखालच्या दुसऱ्या चाकूवर बोट ठेवलं. पातं हाताच्या तळव्याएवढं, लाकडी मूठ, आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं. तो काढायला लावला. मी तो उचलते न उचलते तोच दुकानदार म्हणाला, "जपून हं ताई." नवऱ्याने माझ्या हाताखाली ओंजळ धरली, जणू मी तान्हं मूल पाडणार आहे. "जपून," तोही म्हणाला. मी डाव्या अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली. "जपून!" दोघंही एकदम.

माझी उभी हयात पात्यांजवळ गेली आहे. कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे कापले मी. पण एक हात गेला की माणसाची अक्कलही गेली असं लोक धरून चालतात की काय, देव जाणे. मी रागारागाने तोच चाकू घेतला, चामड्याच्या म्यानासकट, आणि बाहेर पडले.

चूक झाली ती तिथेच. आमच्या मशीनच्या पात्यांना कधी म्यान नसतं, त्यामुळे मी पातं बघितलं आणि म्यानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी येऊन चाकू कमरेच्या पट्ट्याला लावला. म्यानावर एक पट्टी, तिला टिचबटण. अंगठ्याने खूप खटपट करून ते एकदाचं उघडलं. मूठ धरून ओढली, तर चाकूबरोबर म्यानही वर वर येऊ लागलं. ते खाली धरायला दुसरा हात हवा. ओढाताण करून चाकू निघाला खरा, पण परत घालायला गेले तर चामडं मऊ, तोंड मिटलेलं, आणि टोक सरकून माझ्या कपड्यात घुसलं. आणखी जरा जोर असता तर मांडीतच जायचं.

नवरा दारात उभा राहून सगळं बघत होता. "मी काढून देत जाईन ना," तो म्हणाला. मायेने म्हणाला, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

"म्हणजे ढलपी काढायची झाली की तुम्हाला हाक मारू? आणि ठेवायचा झाला की परत हाक मारू? मग तुम्हीच पेटवा ना चूल! दादा काय वेगळं सांगतोय?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रागाने रडले. दादा बरोबर ठरतोय, या विचाराने माझा नुसता जळफळाट होत होता.

सकाळी मी एकटीच दुकानात गेले.

"वापरलेला माल आम्ही परत घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"वापरलाय कुठे? वापरताच येत नाही तो!" आणि मी त्याच्यासमोरच चाकू कमरेला लावून दाखवला. बटण, ओढाताण, वर येणारं म्यान, सगळं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं टकामका बघत होती. बघू दे म्हटलं.

या वेळी तो "जपून" म्हणाला नाही. तो दाराजवळ गेला आणि तिथली एक प्लास्टिकची टोपली उचलून घेऊन आला. तिच्यात नारिंगी मुठीचे चाकू होते, बांधकामावरचे लोक नेतात तसले. दिसायला अगदी खेळण्यातले. काल मी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. म्यान टणक प्लास्टिकचं, ना पट्टी, ना बटण.

"मूठ धरा, त्याच हाताचा अंगठा म्यानाच्या काठावर ठेवा आणि रेटा," तो म्हणाला.

मी रेटलं. टक् झालं आणि चाकू हातात. परत घालायला गेले तर म्यानाचं तोंड उघडंच, पातं आपसूक आत गेलं. टक्. पुन्हा काढला, पुन्हा घातला. न बघता काढला. ती दोन गिऱ्हाइकं हळूच बाजूला सरकली.

"याने ओंडके फोडू नका," दुकानदार म्हणाला. "पोलाद मुठीत अर्ध्यापर्यंतच आहे. ढलप्यांना उत्तम. फक्त पुसून ठेवा, गंजतो."

"रंग हा असला का?"

"गवतात पडला तर दिसतो."

किंमत ऐकून तर मी उडालेच. कालच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. "मग हा काल का नाही दाखवलात?"

त्याने मान खाजवली. "काल मी साहेबांना विचारत बसलो, ताई. चुकलंच."

चुकलं म्हणाला, म्हणून सोडला. नाहीतर त्याची काही धडगत नव्हती.

डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. मी पाठीवरचं ओझं उतरवेपर्यंत दादाने तीन दगड मांडलेसुद्धा, आणि चुलीसमोर फतकल मारून बसला.

"ऊठ," मी म्हटलं.

"हट्टीपणा नको करूस."

"दादा, ऊठ तिथून."

तो उठला, पण बाजूला झाला नाही. "त्या दिवशी दवाखान्यात मी होतो," तो म्हणाला. "तुझा हात मी बघितलाय. मला नाही परत बघवायचं."

"मग डोळे मीट! तुला बघवत नाही म्हणून मी उरलेला हात खिशात घालून बसू का जन्मभर?"

वहिनी "अहो, अहो" करत राहिली. माझ्या नवऱ्याने मात्र एक सपाट दगड आणून माझ्यासमोर ठेवला आणि मुकाट्याने मागे झाला. मी त्यावर लाकूड उभं धरलं, वरून डाव्या तळव्याने दाबलं आणि चाकू काढला. पातं खाली रेटलं की पातळ ढलपी वळत वळत निघायची आणि बुडाशी तशीच चिकटून राहायची. एक झाली, दोन झाल्या. तिसरीला लाकडात गाठ आली, चाकू उसळला आणि डाव्या अंगठ्याला लागला. चार गेल्यावर उरलेल्या एकुलत्या एक अंगठ्याला.

रक्त आलं. सगळेच्या सगळे उठले. दादाने माझ्या चाकूला हात घातला.

"खाली बसा!" मी अशी ओरडले की झाडावरचे पक्षी उडाले. "दादा, मागे एकदा तंबूच्या खुंट्या तासताना तुझं बोट कापलं होतं. तेव्हा कुणी तुझ्या हातातला चाकू काढून घेतला? सगळे हसत होतो आपण. मलाही कापू दे की रे! मी काय काचेची आहे?"

धाकटी पट्टी घेऊन आली, अंगठा धरून बघितला आणि म्हणाली, "एवढंच? आणि केवढा तो गळा काढलास!" तिने पट्टी बांधली. दादा तसाच उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा.

"उभा काय राहिलास? लाकडं आण," मी म्हटलं.

तो गेला. बऱ्याच वेळाने दोन जाडजूड ओंडके खांद्यावर घेऊन आला आणि माझ्यापुढे धाडकन टाकले. मी हात लावून बघितला. गार, ओलेगच्च.

"ही काय लाकडं आणलीस? डोळे फुटलेत का तुझे?"

दादाने कपाळावरचा घाम पुसला. "मग तू आण!" तो माझ्या अंगावर खेकसला. "नुसती हुकूम सोडत बसलीये! पाय धड आहेत ना तुझे? जा, आण जा!"

वहिनीने तोंडावर हात ठेवला. बोटं गेल्यापासून माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. वर्षभर सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे बोलत होते. दादाची नाकपुडी फुगली होती, लहानपणी भांडताना फुगायची तशी, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणीच आलं.

"आणते," मी म्हटलं. "चुलीच्या दगडांना हात लावलास तर बघ."

आणि मी लाकडं आणायला गेले.