मधूनच कापलेला केक

"वहिनी, हा केक मधूनच कापलाय! आणि वर दोन्ही तुकडे जुळवून ठेवलेत. चोरी लपवायला वाटतं?"

डब्याचं झाकण हातात धरून नणंदबाई स्वयंपाकघरात उभ्या. माहेरी येऊन अजून स्वतःची बॅग उघडली नव्हती, माझा डबा मात्र उघडून झाला होता.

चोरी! मी! माझ्याच हातच्या केकची!

अहो, केक कडेने कापला की कापलेली बाजू उघडी राहते आणि तिथूनच तो सुकायला लागतो. म्हणून मी मधला काप काढते आणि उरलेले दोन भाग एकमेकांना भिडवून गुंडाळून ठेवते. हा खटाटोप कुणासाठी? सासऱ्यांसाठी, म्हणजे नणंदबाईंच्याच वडिलांसाठी. दात गेले, सासूबाई गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग बाबांची जेवणावरची वासनाही गेली. दुपारच्या चहासोबत मऊ केकचा एक काप, एवढंच काय ते आवडीने पोटात जातं.

देवाने जीभ दिली ती गोड बोलायला, असं मनाला बजावून मी हे सगळं समजावून सांगितलं.

"पुरे गं तुझं प्रवचन. बाबांचं नाव पुढे करायचं आणि आपण खायचं!" म्हणत त्यांनी सुरी घेतली. सबंध केकचे काप पाडले, ताटलीत फुलासारखे मांडले आणि ताटली तशीच उघडी फ्रिजमध्ये सारली. "उद्या मैत्रिणी येणार आहेत माझ्या. केक कसा मांडतात ते शीक जरा."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आल्या. एकीला ठसका लागला, दुसरीने पाणी मागितलं.

"वहिनीने केलाय हो," नणंदबाईंनी तत्परतेने सांगून टाकलं.

मी तेही गिळलं. पण बाबांनी काप तोंडात धरला, हिरड्यांवर घोळवला आणि हळूच बशीत परत ठेवला. चहाही बाजूला सारला. "राहू दे. आज भूक नाही."

मग मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वन्सं, केक मी केला, त्याचा टोस्ट तुम्ही केलात! मला चोर म्हणालात, म्हणा. पण बाबांच्या तोंडचा घास काढलात, त्याचं काय?"

मैत्रिणी चपला शोधू लागल्या.

"बाबा, ऐकताय ना हिची भाषा?"

बाबांनी आपली बशी लेकीपुढे सरकवली. "तुला दात आहेत. तू खा." मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, घरात अंडी आहेत का गं?"

होती. त्या दिवशी मिश्रण फेटायला मला जोर आणावा लागला नाही. केक ओव्हनमधून निघतो न निघतो तोच नणंदबाई डबा घेऊन हजर. "गरम आहे तोवरच बंद करू? मऊ राहील."

"घाम फुटेल त्याला! निवेपर्यंत बसा इथे. झाकणाला हात लावायचा नाही."

बसल्या, गाल फुगवून. केक निवला तसे बाबा स्वतःच कप घेऊन आले. मी सुरी नणंदबाईंच्या हातात दिली. म्हटलं, लेकीने वाढावं. त्यांनी काप मधूनच काढला. बाबांनी काप संपवला, बशीतला भुगाही बोटाने टिपून खाल्ला.

माफी मात्र वन्संनी अजून मागितलेली नाही.