गुळाचा मधुमेह

अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रात सोमाटण्याच्या फाट्यावर इतकी गर्दी उसळली, की मुंबईहून येणारे ट्रक हॉर्न वाजवून थकले. मंडपात निर्मळनाथ महाराज मधुमेह घालवत होते. रोग्याच्या लघवीची वाटी ठेवली की मुंग्यांची रांग लागे. मग महाराज त्याला तांब्याभर कडू तीर्थ पाजत, त्याच्या लघवीची दुसरी वाटी ठेवत आणि तिच्याभोवती भस्माचं रिंगण आखत. मुंग्या रिंगणापाशी येत नि माघारी फिरत.

"बघा, साखर गेली! माणूस खोटं बोलेल, मुंगी बोलेल का?" महाराज गरजत, लोक लोटांगणं घालत.

मी तिथल्या शाळेत मास्तर. शेजारचा हौशीराम आपल्या आईला, कस्तुराबाईंना, महाराजांकडे घेऊन गेला. म्हातारीच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सुरू केलेलं इन्शुलिन महाराजांनी बंद करवलं.

"हौशीराम, अंगठा सडतोय तिचा!"

"मास्तर, मुंग्या येत न्हाईत आता. तुमी शिकल्यालं, तुमाला देव कसा दिसंल?"

तिसऱ्या आठवड्यात काळेपणा पावलावर चढला. हौशीरामची बायको येसूबाई माझ्या दारात आली. पदराच्या गाठीत तिनं महाराजांचं भस्म आणलं होतं.

"वास घ्या, मास्तर. मुंग्या मारायची पावडर हाय ही. आमी कणगीभवती टाकतो तीच. घरात कुनी ऐकंना माजं."

तोच कुबट वास. माझं डोकं तडकलं. आम्ही दोघं तडक मंडपात गेलो. मी सगळ्यांदेखत गुळाचा खडा ठेवला. येसूबाईनं भोवती भस्म टाकलं. मुंग्या आल्या, घुटमळल्या, परत फिरल्या.

"महाराज, गुळाचाही मधुमेह बरा झाला का?" मी ओरडलो.

"पाप्याची नजर पडली की सिद्धी आटते!"

"आटली कुटं?" येसूबाई कडाडली. "गुळावरबी चालली की!"

लोटांगणं घालणारे उठून उभे राहिले. महाराज त्याच दुपारी पसार झाले.

कस्तुराबाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. येसूबाईनं घरून आणलेली तीर्थाची बाटली तपासून डॉक्टरीणबाई संतापल्या.

"हे जुलाबाचं मीठ. यात मॅग्नेशियम असतं. मधुमेहात ते लघवीवाटे वाहून जातं. ते कमी पडण्याचा नि रक्तवाहिन्या बिघडण्याचा संबंध असावा, असं काही संशोधक आता म्हणताहेत. पण ते रक्त तपासून, मोजून द्यायचं औषध आहे! मूत्रपिंड दुबळं असेल तर साचून जीव घेतं. आणि इन्शुलिन थांबवून तांब्याभर जुलाब? अंगठ्यावर निभावलं असतं हो!"

हौशीराम भिंतीला टेकून रडत होता. शुद्धीवर आल्यावर म्हातारीनं त्याला एवढंच विचारलं, "माजा पाय कुटं ठिवला रं?"

हौशीरामनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. दोष माझाही होता. तीन आठवडे मी नुसता चिडत बसलो होतो. वास घ्यायचं सुचलं ते शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला. म्हणून सांगतो, चमत्कारापुढे डोकं टेकण्याआधी ते वापरा. तोच प्रयोग आपल्या हातानं करून पाहा. आणि कोणी चालू औषध बंद करा म्हणाला, तर तो कितीही मोठा महाराज असो, त्याला दारातूनच हाकला.