भांडगावची बायको

शिरूरजवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सविता चपात्या लाटायची. नवरा सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि लेकीला, अपेक्षाला, नर्सिंगला घालायचं होतं. तेव्हा तिला एक एजंट भेटला. भांडगावच्या बाळासोंना किडनी हवी होती. घरात देण्याजोगं कुणी नव्हतं, आणि मरणोत्तर दानाच्या यादीत तीन वर्षं थांबूनही नंबर लागला नव्हता. रक्तगट जुळला. पण किडनी विकणं गुन्हा, जवळच्या नात्यातल्यानं दिली तरच चालते, म्हणून कागदोपत्री सविता बाळासोंची बायको होणार होती. दवाखान्याची समिती खोदून विचारते, तेव्हा घर पाठ पाहिजे, असं एजंटनं बजावलं.

म्हणून ती चौफुल्याच्या एसटीनं तीनदा भांडगावला गेली. बाळासोंची म्हातारी आई कस्तुराबाई तिला घर दाखवायची: साखर कुठल्या डब्यात, कुठलं दार जोर लावल्याशिवाय लागत नाही, म्हैस कुणाला हात लावू देते. बाळासो सुजलेले पाय सोडून ओसरीवर बसलेले असायचे. बायको वारल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. नवरा-बायकोच्या फोटोसाठी कस्तुराबाईनं सविताला त्या वारलेल्या सुनेचीच साडी नेसायला दिली, आणि निऱ्या स्वतः नीट केल्या.

मग ते घर सविताच्या झोपेत यायला लागलं. ती उंबरा ओलांडायची, तर आत घोट्याएवढं कोमट पाणी संथ वाहत असायचं, जसं काही भीमाच वाट चुकून घरात आली होती. त्या पाण्यातून चालत जाऊन ती चूल पेटवायची, आणि चूल पेटायचीही. आपल्या अंगातलं काय जाणार आहे, हे जागेपणी तिला आठवायचं नाही. आपण तिथं राहतो, एवढंच आठवायचं.

पुण्याच्या दवाखान्यात समितीपुढं तिनं सगळी उत्तरं बिनचूक दिली. शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, बाळासोंना पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा तुम्ही कुठं होता? हे कुणी पढवलं नव्हतं.

"ओसरीवर," सविता म्हणाली. "ह्यांना उलटी झाली. मी पाठ चोळत होते. अंग गार पडलं होतं, मला वाटलं, गेलं आता सगळं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं.

बाळासो तिच्याकडे बघत राहिले.

"मॅडम, थांबवा," ते म्हणाले. "ह्या माझी बायको न्हाईत. त्या दिवशी माझ्यापाशी कुणीच नव्हतं."

फाईल तिथंच बंद झाली. पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले, महिन्याभरानं एजंट सापडला, केस अजून चालू आहे. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सवितानं त्यांना विचारलं होतं, असं का केलं म्हणून.

"तुम्ही खोटं बोलत होता तवर घेणार होतो," बाळासो म्हणाले. "तुम्ही तर खरंच बोलाय लागला. मग कसं घ्यायचं?"

अपेक्षाचं नर्सिंग एक वर्ष लांबलं. ती औषधाच्या दुकानात कामाला लागली. बाळासो आठवड्यातून तीनदा दौंडला डायलिसिसला जातात.

एका सुट्टीच्या दिवशी सविता दौंडला गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाळासोंनी तिला ओळखलं, अपेक्षाचं विचारलं. मग मशीनच्या संथ घरघरीत त्यांचा डोळा लागला. पलीकडच्या पेशंटच्या नातेवाइकानं विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

"शिरूरची हाय मी," ती म्हणाली, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली.