एक साइज जास्त

२०२२ साली, गणपती नुकतेच गेले होते तेव्हा, डोंबिवली एमआयडीसीतल्या मालनताई सुर्व्यांच्या गाळ्यात धातू कापणाऱ्या जुन्या मिलिंग मशीनवर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरचं कंट्रोल, बसत होतं. यजमान अण्णांच्या मागे इतकी वर्षं हँडल फिरवून ताईंच्या खांद्याचा भुगा झाला होता. आता बटण दाबायचं आणि बघत बसायचं, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

सांगितलं नव्हतं ते एवढंच, की गाळा अर्धा धाकट्या दिरांच्या, चांगदेवांच्या नावावर होता. बाळकुमच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या चांगदेवांना तिथे पार्सलवाल्यांचं गोदाम हवं होतं.

"वहिनी, घटस्थापनेपर्यंत मशीन नीट चाललं तर गाळा तुमच्याकडे. नाहीतर मी भाडेकरू आणणार," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

विजेचा हिशोब ताईंची इंजिनीअर भाची मेघना हिने केला. "मावशी, कटर फिरवणारी मोटर अकरा अँपिअरची. जास्त करंट खायला लागली की मशीन आपण होऊन बंद पडायला हवं. म्हणून रिले अकरावर लावायचा आणि पॅनलचा मेन ब्रेकर पंचवीसचा." ड्रॉइंग खोपटच्या पंढरी पॅनलवाल्याकडे गेलं.

पण मालनताई मूळच्या संगमेश्वरच्या. चार पाहुणे येणार म्हटलं की पाचाचा भात. त्यांनी परस्पर फोन लावला. "पंढरी, एक साइज जास्तच टाक हो. मशीन जुनं आहे, खाईल जरा."

"टाकलाय ना ताई, आधीच!" पंढरी म्हणाला आणि ताईंच्या शब्दाखातर आणखी एक साइज चढवला. इलेक्ट्रिकच्या सामानाचा दुकानदार विनीत, त्याच्याकडे तेवढा नव्हता; त्याने त्याच्याही वरचा पाठवला. "काकूंसाठी खास," वर हेही.

ट्रायलच्या दिवशी मेघना ठाण्याहून धावत आली, तर पॅनलच्या दारावर स्वस्तिक, वर झेंडूचा हार.

"मावशी, दार उघड. आत काय बसवलंय ते बघते."

"अगं, आत्ताच पूजा झाली. हार सुकल्याशिवाय दार उघडायचं नाही."

तेवढ्यात चांगदेव अपूर्व नावाच्या पार्सलवाल्या पोराला घेऊन हजर. "चालू द्या तुमचं," म्हणत ते त्याला वरचं स्टोअर दाखवायला माल-लिफ्टने निघाले.

ताईंनी बटण दाबलं. घाईत जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, वाइसच्या जबड्यात सैल बांधला गेला होता. तो हलला, कटर त्यात रुतला आणि मोटर जागच्या जागी हुंऽऽ करू लागली. रिले गप्प. ब्रेकर तर मानपानाला बसलेल्या जावयासारखा ढिम्म. मेघना लाल बटणाकडे झेपावली, तोवर जिन्याखाली फट्‌कन आवाज झाला आणि सगळ्या विंगेत अंधार.

"वहिनीऽऽ!" वरून हाक आली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती.

"काका, माझी पार्सलं अशी अडकली तर कस्टमर खाऊन टाकेल मला!"

"गप रे! वहिनी, काय केलंत तुम्ही?"

मेघनाने हार बाजूला करून दार उघडलं. "पन्नास? मावशी, हा एका मशीनचा ब्रेकर आहे की अख्ख्या एमआयडीसीचा? रिलेसुद्धा दुप्पट! लिफ्ट आणि आपण, दोघं जिन्याखालच्या चाळीसच्या फ्यूजवर आहोत. आपला ब्रेकर इतका दिलदार, की आधी फ्यूजच जळाला."

"मी एकच साइज सांगितला होता," ताई पुटपुटल्या.

फोनवर पंढरीही तेच म्हणाला. विनीतही. मग मेघना ओशाळून हसली. "खरं तर वीसचा पुरला असता. पंचवीस मीच लिहिला, असू दे म्हणून."

लिफ्टमधून सुटका होताच अपूर्व जो गेला तो गेलाच. पण चांगदेव चिडले होते. "दुसरा भाडेकरू मिळेल मला. घटस्थापना सोमवारी आहे, वहिनी."

शनिवारी पॅनलमध्ये विसाचा ब्रेकर होता, रिले बरोबर अकरावर. चांगदेव कमरेवर हात ठेवून उभे. "परत तसंच झालं तर?"

"म्हणूनच भावोजी, तुम्ही लिफ्टमध्ये बसा."

"मी?"

"मग खात्री कोणाची पटायची आहे?"

बिचारे बसले. ताईंनी या वेळी जॉब मुद्दाम सैल बांधला, सगळ्यांना मागे सारलं आणि बटण दाबलं. कटर रुतला, मोटर गुरगुरली, टक्! मशीन तेवढं थांबलं. दिवे चालू, पंखा चालू, लिफ्ट घरघरत वर चाललेली. मग ताईंनी जॉब आवळून बांधला आणि पहिला तुकडा आरशासारखा उतरला.

चांगदेव जिन्याने खाली आले, तुकड्यावरून अंगठा फिरवला. "ठेवा गाळा," म्हणाले.

अपूर्वने पुढे कल्याणला जागा घेतली, तळमजल्यावर. विनीतने दुकान विकलं आणि तो गावी आंब्याच्या बागेत रमला. पंढरी आता ड्रॉइंगबाहेर जात नाही, पण तोंड वाकडं करतो. मेघना पुण्याला एका पॅनल कंपनीत मोठी साहेब झाली. चांगदेवांनी टॉवरमधल्या एका मित्राची ऑर्डर स्वतःहून आणून दिली. मालनताईंनी खडवलीला घर घेतलं. एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी सोडली तर अजून रोज गाळ्यावर येतात.